क्लँगचा बिल्ड आणि जागेवर गोठणारा माउस

काल रात्री पहिल्यांदा अख्खा क्लँग, म्हणजे सी भाषेतला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा कंपायलर, त्याच्या मूळ कोडपासून एका दमात बिल्ड झाला, १ तास ४८ मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात मी त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये चार टॅब उघडून वाचत बसलो होतो, गाणी चालू होती, आवाज एकदाही तुटला नाही. तीन आठवड्यांपूर्वी हेच मशीन बिल्ड चालू केला की माउसचा बाण जागेवर गोठवायचं, नम लॉक दाबला की त्याचा दिवा दहा-पंधरा सेकंदांनी बदलायचा, आणि एकदा तर मी आंघोळ करून चहा पिऊन आलो तरी टर्मिनल त्याच ओळीवर होतं.

मशीन जुनं आहे, आय५ ३४७० प्रोसेसर, म्हणजे चार कोर चार थ्रेड, ८ जीबी डीडीआर३, वर २४० जीबीची एसएसडी आणि पहिल्यापासूनची ५०० जीबीची हार्डडिस्क. लिनक्स मिंट. क्लँग कशाला पाहिजे, तर भाच्याला सी शिकवतोय आणि त्याला कंपायलरची इंग्लिश एरर वाचून नेमकं काय चुकलंय ते कळत नाही. क्लँगच्या सगळ्या एरर-वॉर्निंग डॉट टीडी फाइलींमध्ये एकत्र लिहिलेल्या असतात, तिथं वाक्य मराठीत करून आपला कंपायलर बनवायचा असा बेत आहे. पण ह्या फाइलींतून बिल्डच्या वेळी हेडर, म्हणजे बाकीच्या कोडमध्ये ओढल्या जाणाऱ्या फाइली, तयार होतात, त्यामुळं एक ओळ जरी बदलली तरी त्यावर अवलंबून असलेलं सगळं परत कंपाइल होतं आणि वर परत लिंकिंग, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम करणं. म्हणजे हे दिवसातून तीन-चार वेळा होणार, आणि दर वेळी मशीन गोठणार असेल तर काम पुढं सरकणारच नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत मित्राचं दुकान आहे, त्याला सांगितलं तर म्हणाला, "भावा, २०१२ चा प्रोसेसर हाय तो, सोड की आता त्याचा नाद, नवीन घे." मलाही आधी तसंच वाटत होतं कारण लोड अ‍ॅव्हरेज, म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत आहेत तो आकडा, १४ च्या वर दिसायचं, चार कोरवर १४ म्हणजे प्रोसेसर मेला असंच कुणीही म्हणेल. नाइस १९ लावून, म्हणजे बिल्डला प्रोसेसरच्या रांगेत सगळ्यात मागं ढकलून बघितलं, काडीचा फरक नाही.

मग बिल्ड चालू असताना व्हीएमस्टॅट, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचे आकडे दाखवणारी कमांड, दर सेकंदाला छापत ठेवलं आणि तिथं खरं चित्र दिसलं. प्रोसेसरच्या रकान्यात यूझर, म्हणजे प्रोग्रामच्या खऱ्या कामात गेलेला वेळ, फक्त १० ते १२ टक्के, आणि डब्ल्यूए, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, ७५ च्या पुढं. स्वॅप म्हणजे रॅम भरली की त्यातलं काही नेऊन ठेवायची डिस्कवरची जागा, एसआय आणि एसओ ह्या त्याच्या दोन्ही रकान्यांत सतत आकडे हलत होते. म्हणजे प्रोसेसर दमला नव्हता, तो रिकामा बसून वाट बघत होता. लिनक्समध्ये लोड अ‍ॅव्हरेज मोजताना डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेस पण धरतात, म्हणून १४ दिसत होतं. आणि नाइस फक्त प्रोसेसरचा वाटा ठरवतो, मेमरीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळं तो चालणारच नव्हता. लोड बघून निष्कर्ष काढू नका मंडळी, आधी व्हीएमस्टॅट बघा, ते सगळीकडं असतं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याच्या ४.२० पासून प्रॉक फोल्डरमध्ये प्रेशर नावाचं पण एक फोल्डर आहे, त्यातल्या मेमरीच्या फाइलमध्ये फुल असं लिहिलेली ओळ बघायची. सगळी कामं एकाच वेळी मेमरीपायी अडून पडली असा वेळ किती टक्के गेला ते ती सांगते, माझ्याकडं दहा सेकंदांचा आकडा ६० च्या वर होता.

मेमरी खातंय कोण हे शोधायला फार वेळ लागला नाही. निन्जाला, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, एकदम किती जॉब चालवायचे हे सांगितलं नाही तर तो कोर अधिक दोन धरतो, म्हणजे माझ्याकडं सहा. कंपाइल होईपर्यंत सहा कसेबसे खपले, पण मी डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायला लागणारी जादा माहिती धरून केलेला, लावला होता आणि शेवटी शेवटी लिंकिंगची पाळी आली की सहाच्या सहा लिंकर एकदम उठायचे, डीबगची माहिती धरून एकेक लिंकर काही जीबी मागतो, ८ जीबीत ते बसणार कुठं.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. स्वॅप कुठं आहे ते दाखवणारी स्वॅपऑन शो ही कमांड देऊन बघितलं तर स्वॅप एसएसडीवर नव्हताच! दोन वर्षांपूर्वी एसएसडी टाकून मिंट नवीन इन्स्टॉल केलं तेव्हा जुन्या हार्डडिस्कवरचं स्वॅप पार्टिशन तसंच राहिलं होतं आणि नव्या सिस्टमनं तेच उचललं. ७२०० आरपीएमची डिस्क, म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, त्यात हेड जागेवर न्यायचा वेळ धरा, सेकंदाला विखुरलेली शंभर वाचनं झाली तरी खूप. स्वॅपमध्ये मेमरी पानापानानं जाते-येते, एक पान ४ केबीचं, शंभर पानं म्हणजे सेकंदाला ४०० केबी. माउसचा बाण हलवणाऱ्या प्रोग्रामची पानं अशा डिस्कवर जाऊन पडली तर तो हलणार कसा. त्या रात्री कॅबिनेटला कान लावून ऐकलं तर आतून कटकट-कटकट एकसारखी चालू होती, दोन वर्षं तो आवाज पंख्याचा समजत होतो.

उपाय एका संध्याकाळचा. सुरू होताना कुठली डिस्क आणि स्वॅप जोडायचा हे लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमधून जुना स्वॅप काढला, झेडरॅम चालू केलं, म्हणजे स्वॅप रॅममध्येच दाबून ठेवायचा, आणि मागं आधार म्हणून एसएसडीवर ४ जीबीची स्वॅपफाइल. सीमेकमध्ये, म्हणजे बिल्डची मांडणी ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये, बिल्ड टाइप रिलीज केला, म्हणजे डीबगची माहिती वगळली, आणि असर्शन, म्हणजे कोडमधल्या आतल्या तपासण्या, चालू ठेवले, टार्गेट फक्त एक्स८६ ठेवलं नाहीतर जगातल्या सगळ्या प्रोसेसरचा कोड बनत बसतो, पॅरलल लिंक जॉब्स १ केला, म्हणजे एका वेळी एकच लिंकर, लिंकर एलएलडी लावला, निन्जाला जे ४, म्हणजे एकदम चारच जॉब. माझ्या मते ह्यात सगळ्यात मोठा फरक लिंक जॉब्स १ चा आहे, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

माउस त्याच दिवशी मोकळा झाला. पण बिल्डला वीस मिनिटं झाली की वेग परत पडायचा, ह्या वेळी डब्ल्यूए शून्य होता, स्वॅप गप्प होता, तरी फाइली हळू सरकायच्या. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ओळ सापडली, कोअर टेंपरेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड, म्हणजे फार तापल्यानं प्रोसेसरचा वेग कमी केलाय. सेन्सर्स कमांडमध्ये तापमान १०० अंशांच्या वर. एप्रिलचा महिना आहे, पण उन्हानं एवढं होत नाही.

रविवारी सकाळी मशीन उघडलं. आमचं घर उद्यमनगरच्या मागच्या अंगाला, शेजारी लेथ चालतात, त्यामुळं कूलरच्या पात्यांत जी धूळ निघाली ती तेलकट, बोटाला काळी चिकटणारी. कागदावर थोडी झटकली आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कागदाखालून फिरवलं तर धुळीतले बारीक कण उभे राहून त्याच्या मागं पळायला लागले. लोखंडाचा कीस! म्हणून ब्लोअर मारायचा मोह टाळला, ते कण रॅमच्या स्लॉटात उडून बसले असते तर शॉर्टची भीती. कूलर आधी काढून बाहेर नेला आणि मग मऊ ब्रशनं साफ केला. एमआयडीसीत किंवा वर्कशॉपजवळ राहणाऱ्यांनी हे खरंच ध्यानात ठेवा.

पण मूळ दोष धुळीखाली होता. कूलरच्या चार प्लास्टिक खिळ्यांपैकी खालच्या डाव्या कोपऱ्यातला एक बोर्डातून अर्धा बाहेर आलेला, त्यामुळं कूलर त्या बाजूनं जरासा उचललेला. प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी मधली जुनी पेस्ट एका कडेला वाळून खडूसारखी झालेली, दुसऱ्या कडेला अजून ओली. जुनी पेस्ट अल्कोहोलनं पुसली, मधोमध वाटाण्यापेक्षा लहान ठिपका ठेवला, खिळे समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीनं दाबले आणि चारही टोकं पलीकडं निघाली का ते बोर्डाच्या मागून टॉर्च लावून बघितलं. आई पंख्याखाली भाजी निवडत बसली होती, तिला तो वाळका चुरा दाखवला तर म्हणाली, "अरे बाळा, एवढ्याशा जाग्याला एवढा ताप?" व्हय आई, एवढ्याशाच जाग्याला.

आता मशीन रिकामं असताना तापमान ४१, पूर्ण लोडवर दुपारी ७४, त्याच्या वर गेलेलं नाही. थ्रॉटलची ओळ परत आलेली नाही.

सीकॅश, म्हणजे आधी कंपाइल झालेलं साठवून परत वापरणारा प्रोग्राम, पण लावलाय, पण त्याचा फायदा बिल्ड फोल्डर पुसून परत केला तेव्हाच नीट दिसला, डॉट टीडी बदलल्यावर हेडरच बदलतात म्हणून तिथं तो फारसा हात देत नाही. आज संध्याकाळी भाच्यानं प्रिंटएफच्या ओळीत सेमीकोलन सोडला आणि स्क्रीनवर आलं, "वाक्य संपल्यावर अर्धविराम राहिला". त्यानं वाचलं, लगेच टाकला, आणि पुढच्या ओळीला लागला. पुढच्या आठवड्यात सीमॅंटिक एररची, म्हणजे मांडणी बरोबर पण अर्थ चुकलेल्या कोडच्या एररची, फाइल घेतोय, ती सगळ्यात मोठी आहे.