बारा इंची सबवूफर, दोन कॉइल आणि चुकलेली अर्थिंग

आमचे आप्पा पखवाज वाजवतात. भजनाला निघण्याआधी ते डाव्या पुडीवर ओली कणीक थापतात, बोटाने कडा सारख्या करतात, एक थाप मारून कान लावतात आणि चिमूटभर कणीक काढतात नाहीतर वाढवतात. डावीकडचा तो खोल, भरीव घुमारा त्या कणकेचाच. गाडीतल्या स्टिरिओवर मात्र तो मला कधी ऐकू आला नाही. दारातले साडेसहा इंची स्पीकर टाळ देतात, बुवांचा आवाज देतात, पण पखवाजाचा 'धा' आला की कुणीतरी पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखं वाटतं. एवढ्यासाठी सबवूफर, म्हणजे फक्त खालचे खोल सूर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचं ठरवलं.

बारा इंची सबवूफर घेतला. खोक्यावर पुढून ठळक अक्षरांत 1200 वॅट आणि मागे बारीक अक्षरांत 300 वॅट आरएमएस. त्या वेळी मी पुढचा आकडा वाचला. धरायचा असतो मागचा. आरएमएस म्हणजे कॉइल न जळता सतत पेलेल ती ताकद. पुढचा आकडा क्षणभराच्या झटक्याचा, त्यावरून ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) निवडता येत नाही. दुसरी ओळ होती 'ड्युअल व्हॉइस कॉइल, 4 ओम'. स्पीकरच्या एकाच शंकूला दोन कॉइल, प्रत्येकी 4 ओमची. ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी तितका ॲम्पवर भार जास्त. ही ओळ मी वाचलीच नाही आणि पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला.

ॲम्प मित्राकडे पडून होता, चार चॅनेलचा, चांगल्या अवस्थेतला. एका दुकानात एका दुपारी सगळं जोडून मिळालं. पहिली दहा मिनिटं आवाज उत्तम. मग जोरदार ठेका आला की ॲम्पवरचा हिरवा दिवा लाल व्हायचा, आवाज बंद, चार सेकंदांनी परत सुरू. दुकानदार म्हणाले, ॲम्प गेलाय, नवीन घ्या. मला ते पटलं नाही. गेलेला ॲम्प हळू आवाजात तासभर नीट वाजणार नाही.

घरी येऊन स्पीकरची वायर ॲम्पवरून काढली आणि मल्टिमीटर लावला. 1.8 ओम. 4 ओमची एक कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. म्हणजे 1.8 चा अर्थ सरळ होता: दोन्ही कॉइल समांतर जोडलेल्या आहेत आणि ॲम्पला 2 ओमचा भार दिसतोय. दुकानात ॲम्पचे दोन चॅनेल ब्रिज केले होते, म्हणजे एकाच स्पीकरला मिळून जोडले होते. ॲम्पच्या पाठीवर छापलं होतं की तसं केलं तर किमान 4 ओम. ब्रिज केल्यावर भार दोन चॅनेलमध्ये वाटला जातो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 1 ओम आला होता. तो बिचारा स्वतःला वाचवायला बंद पडत होता आणि आम्ही त्यालाच दोष देत होतो.

दोन 4 ओमच्या कॉइलचे दोनच हिशेब होतात. समांतर जोडल्या तर 2 ओम, एकापुढे एक जोडल्या तर 8. मधला 4 ओम यातून निघतच नाही. 8 ओमवर जोडून पाहिलं. लाल दिवा गेला, पण 4 ओमला मिळाली असती त्याच्या जवळपास निम्मीच ताकद मिळाली. 4 ओम हवे असतील तर दोन 2 ओमच्या कॉइलवाला सबवूफर घ्यावा लागतो, त्यातून 1 किंवा 4 ओम मिळतात. तेव्हा आधी ॲम्प कुठल्या ओमला किती आरएमएस देतो ते पाहायचं आणि मग कॉइल निवडायची. माझा क्रम उलटा झाला होता. सबवूफर घेऊन झाला होता, त्यामुळे 2 ओमला 350 वॅट आरएमएस देणारा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा ॲम्प, शोधला. क्लास डी प्रकारचा, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी साधारण 80 टक्के स्पीकरला देणारा. ॲम्प सबवूफरपेक्षा थोडा वरचढ असलेला बरा. कमी ताकदीचा ॲम्प ओढून वाजवला की लहरींचे शेंडे सपाट होतात आणि त्या फाटक्या आवाजात कॉइल जास्त तापते.

नवा ॲम्प जोडला. लाल दिवा नाही, पण प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होत होते आणि घुमारा दबल्यासारखा येत होता. इंजिन चालू ठेवून मीटर लावला: बॅटरीवर 14.1 व्होल्ट, ॲम्पच्या टर्मिनलवर ठोका लागला की 12.5. 1.6 व्होल्ट वाटेतच कुठेतरी मुरत होते.

कोल्हापुरात असं काही अडलं की पाय आपोआप कारखान्यांच्या उद्यमनगरकडे वळतात. तिथे मोटर वाइंडिंग करणारे एक मामा आहेत, आमच्या विहिरीवरची मोटर त्यांनीच दोनदा भरून दिली. त्यांना ॲम्पला वीज नेणाऱ्या, वायरिंगच्या किटमधल्या जाड लाल वायरचा उरलेला तुकडा दाखवला. त्यांनी तो सोलला, एक तार वेगळी काढली आणि ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस पापुद्रा निघाला आणि खाली पांढरा धातू चमकला.

"हे तांबं न्हवं भावा. ॲल्युमिनियमला तांब्याचं पाणी दिलंय. आन् बघ, निम्मी जाडी तर रबराचीच हाय."

वायरवर 4 गेज (जाडीचं माप) छापलेलं होतं. खऱ्या 4 गेजमध्ये 21 चौरस मिलिमीटर धातू असतो. मामांनी तारा मोजून, जाडी धरून हिशेब केला तो साडेपाचच्या आसपास आला, तोही ॲल्युमिनियमचा, जो तांब्याच्या 60 टक्क्यांच्या आसपासच वीज वाहतो. मग त्यांनीच उपाय सांगितला: 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल. केसासारख्या बारीक तारांची, हवी तशी वळणारी, रबरी आवरणाची. पाच मीटर घेतली आणि दोन्ही टोकांना तांब्याचे लग (बोल्टखाली बसणारी भोकाची टोकं) त्यांच्याच हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतले. पक्कडीने दाबलेला लग हाताने ओढल्यावर निघून येतो, हे त्यांनी माझ्यासमोर करून दाखवलं.

घरी एक रविवार मोडला. सगळ्यात आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला. बॅटरीपासून जेमतेम एक फुटावर 60 अँपिअरचा फ्यूज. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, ॲम्पचे स्वतःचे फ्यूज असतात. हा वायरसाठी असतो. इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यातून जाताना वायर कुठे सोलली आणि बॉडीला टेकली, तर बॅटरीतली सगळी वीज तिथून वाहते आणि गाडी पेटते. फ्यूज डिकीत लावला तर त्या अपघातात त्याचा काडीचा उपयोग नाही. आमच्या गाडीत दुकानातून तो डिकीतच लावून मिळाला होता. हे लिहितानाही अंगावर काटा येतो, कारण त्याच गाडीतून माझी मुलं शाळेत जात होती. आकड्याचा हिशेब असा: 300 वॅट काढायला ॲम्प साधारण 375 वॅट ओढतो, 13.8 व्होल्टला ते 27 अँपिअर होतात, ॲम्पवरचे फ्यूज 20 चे दोन, म्हणून मुख्य फ्यूज 60 चा. आणि 25 चौरस मिलिमीटरची केबल तेवढं सहज पेलते.

दुकानातल्या जोडणीत अर्थची वायर (ॲम्पमधली वीज गाडीच्या पत्र्यावाटे बॅटरीकडे परत नेणारी) मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलेली सापडली, तीही रंगावरच. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नये; तो माणसाला धरून ठेवण्यासाठी असतो. डिकीच्या तळाशी वेगळी जागा शोधली. खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही ना हे गाडीखाली झोपून पाहिलं. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, काटेरी वॉशर घालून 8 चा बोल्ट कसला आणि गंजू नये म्हणून वरून ग्रीस फासलं. अर्थची वायरसुद्धा तेवढीच जाड, लांबी दीड फूट. परत मीटर लावला: बॅटरी 14.1, ॲम्प 13.9. हेडलाइट हलले नाहीत.

आरसीए वायर, म्हणजे स्टिरिओतून ॲम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी वायर, मी पॉवरच्या वायरसोबतच नेली होती, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी चढत जायची. पॉवर डाव्या बाजूने आणि आरसीए उजव्या बाजूने नेल्यावर ती गेली.

राहिला गेन. स्टिरिओकडून येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा हे ठरवणारं ते बटण; बरेच जण गेनला आवाजाचं बटण समजतात. मी स्पीकर सोडवून ठेवला, बास बूस्ट (खालचे सूर वाढवणारं बटण) शून्यावर, स्टिरिओचा आवाज 40 पैकी 30 वर, आणि 50 हर्ट्झचा टोन लावला. 300 वॅट गुणिले 2 ओम म्हणजे 600, त्याचं वर्गमूळ 24.5 व्होल्ट. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटवर 24.5 दिसेपर्यंत गेन फिरवला आणि तिथेच थांबलो. निम्म्यालाही तो पोचला नव्हता. लो पास, म्हणजे ठरलेल्या हर्ट्झच्या वरचे सूर अडवणारी चाळणी, 80 हर्ट्झला. फेजचं, म्हणजे सबवूफरची लहर उलटी-सुलटी करणारं, बटण दोन्हीकडे करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐकलं आणि जिथे ठोका भरला तिथे ठेवलं.

संध्याकाळी आप्पांना पुढच्या सीटवर बसवून एका भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. दोन अभंग ते काही बोलले नाहीत. मग मांडीवर बोटं चालायला लागली. तिसऱ्याला म्हणाले, "ह्याची कणीक जरा जास्त झालीया. उजवीला दबायला लागलीया बघ." वाजवणाऱ्याच्या पुडीवरची कणीक त्यांना गाडीत बसून कळत होती. मी पुन्हा डिकी उघडून लो पास 70 वर आणून पाहिला. ते म्हणाले, "नको, होतं तिथंच ठेव. चूक वाजवणाऱ्याची हाय, तुझ्या ह्या खोक्याची न्हाय."

महिनाभराने सगळे लग पुन्हा तपासले. बॅटरीकडचे घट्ट होते. अर्थचा बोल्ट खड्ड्यांनी पाव फेरा सैल झाला होता, तो कसला आणि खाली आणखी एक स्प्रिंग वॉशर घातला.