तुम्ही विचारलंत म्हणून: जुने फोन आम्ही मुद्दाम मंद करतो का?

मी मोबाईलच्या प्रोसेसरचे कोअर, म्हणजे त्यातले प्रत्यक्ष काम करणारे भाग, डिझाइन करते हे कळलं की पुढचा प्रश्न काय येणार ते मला पाठ आहे. "खरं सांगा, जुने फोन तुम्ही लोक मुद्दाम मंद करता ना? नवा घ्यावा म्हणून?" नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, मुलीच्या मैत्रिणींचे आईवडील विचारतात. मी "नाही" म्हटलं की समोरचा समजून घेतल्यासारखं हसतो. बिचारी कंपनीची बाजू घेणार नाही तर काय करणार, असं ते हसू असतं. ते बघायचा मला आता कंटाळा आलाय.

तर उत्तर असं. नवा फोन खपावा म्हणून मी एकही कोअर मंद केलेला नाही. तसं करायला मला कधी कुणी सांगितलंही नाही. पण ज्या आकड्यामुळे हजारो जुने फोन मंद झाले, तो आकडा मी स्वतःच्या हाताने भरला. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं मी वर्षानुवर्षं सांगत आले, दुसरं टाळत आले.

हे नीट कळायला कोअरची एक गोष्ट माहीत हवी. चिप खाते ती वीज तिच्या घड्याळाच्या, म्हणजे तिला चालवणाऱ्या ठोक्यांच्या, वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणून शेवटचे थोडेसे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात. त्यापेक्षा कोअर रुंद करावा, म्हणजे एका ठोक्याला जास्त सूचना उचलाव्यात आणि ठोके सावकाश ठेवावेत. २०१३ साली ॲपलच्या ए७ चिपने हे दाखवून दिलं. दोनच कोअर, वेग १.३ गिगाहर्ट्झ, पण एका ठोक्याला ६ सूचना डिकोड करण्याची, म्हणजे उलगडून घेण्याची, रुंदी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या वरच्या श्रेणीतल्या फोनमध्ये २ गिगाहर्ट्झच्या पुढे पळणारे चार-चार कोअर होते, आणि एका कोअरच्या कामात ए७ त्यांना मागे टाकत होती. मी तेव्हा या क्षेत्रात नवी होते. ते आकडे बघून माझं मत पक्कं झालं, आणि ते आजही बदललेलं नाही.

मोबाईलमधला मोठा, जड कामासाठीचा कोअर तासभर पळायला बनवलेलाच नसतो. फोनला पंखा नाही. काही वॉटच्या पुढे सलग उष्णता त्याला बाहेर टाकता येत नाही. हा कोअर असतो तो तुमचं बोट काचेला टेकतं त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदासाठी. गाढ झोपेतून उठायचं, सगळं बळ लावून काम उरकायचं, परत झोपायचं. "दहा मिनिटं गेम खेळल्यावर मंद होतो म्हणजे जाहिरातीतला आकडा खोटा" असं म्हणणाऱ्यांशीही मला भांडायचं आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

कारण मला सांगायचं आहे ते त्या उठण्याबद्दल.

आम्ही एक रुंद कोअर केला होता. एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणारी व्हेक्टर युनिट वाढवली, सूचना क्रम बदलून उरकता याव्यात म्हणून त्या धरून ठेवणारा रिऑर्डर बफर मोठा केला. त्याचं परफॉर्मन्स मॉडेल, म्हणजे तो किती वेगाने चालेल याचं गणित, माझं होतं. डिझाइनच्या आढावा बैठकीत वीजपुरवठ्याचं काम बघणारे आमचे एक वरिष्ठ सहकारी म्हणाले, "सरासरी नका सांगू. झोपेतून उठताना हा किती करंट ओढेल तेवढं सांगा." माझ्याकडे तो आकडा नव्हता. आमच्या सिम्युलेटरमध्ये बॅटरी कधीही न खचणारी होती, मागाल तितकं देणारी. मी म्हणाले, "तो पीएमआयसीवाल्यांचा प्रश्न आहे, त्यासाठी कोअरला कशाला बांधून ठेवायचं?" पीएमआयसी म्हणजे फोनच्या भागांना बॅटरीतली वीज वाटून देणारी वेगळी चिप. खोलीतल्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. त्या सहकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बैठक पुढे गेली.

चिप बाजारात जाऊन दीड-एक वर्ष झालं आणि फोन परत यायला लागले. तक्रार एकच: बॅटरी तीस-चाळीस टक्के असताना फोन अचानक बंद पडतो. आमच्याकडे प्रयोगशाळेत एकही बंद पडेना. आमच्या बॅटऱ्या नव्या होत्या, खोली उबदार होती.

मग एका फोनबरोबर एक कागद आला. त्या गृहस्थांनी सेवा केंद्रात तीन चकरा मारल्या होत्या आणि तिन्ही वेळा "चार्ज केला नसेल" असं ऐकून परत गेले होते. म्हणून त्यांनी नोंद ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक वेळची तारीख, वेळ, बॅटरीचे टक्के, आणि त्या क्षणी काय करत होते ते. सतरा नोंदी, सरळ रेघा मारून, सुवाच्य अक्षरात. बहुतेक सकाळच्या, थंडीतल्या. आणि एक सोडून सगळ्यांपुढे लिहिलं होतं: "फोटो काढायला बटण दाबलं."

आम्ही त्यांचीच बॅटरी काढली, थंड केली, व्होल्टेजची रेघ दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पहिल्याच वेळी फोन गेला. पडद्यावरची रेघ ३.७ व्होल्टच्या आसपासून कड्यावरून ढकलल्यासारखी खाली आली होती.

गणित शाळेतलं आहे. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो, थंडीत आणखी वाढतो. समजा तो ०.२ ओहम झाला आणि क्षणभर ३ अँपियर करंट ओढला, तर ०.६ व्होल्ट बॅटरीच्या आतच गेले. बाहेर उरले ३.१, तिथे पीएमआयसी पुरवठा तोडतं. वर आणखी एक दुष्टचक्र. चिपला लागणारी वीज तेवढीच असते, म्हणून व्होल्टेज पडलं की ती भरून काढायला करंट जास्त ओढला जातो, आणि जास्त करंट ओढला की व्होल्टेज अजून पडतं. शटर दाबताच झोपलेले मोठे कोअर एकदम जागे होत होते, वेग थेट कमाल, व्हेक्टर युनिट काठोकाठ भरलेली. ज्या रुंदीसाठी मी भांडले होते ती अगदी ठरल्याप्रमाणे काम करत होती. बॅटरीत टक्के होते, पण मागणी झेलायची ताकद नव्हती.

ते वरिष्ठ सहकारी मागे उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

उपाय फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिप चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, केला. एक तक्ता: बॅटरीचा मोजलेला रोध इतका, तर कोअरचा कमाल वेग इतका. ओळी मी भरल्या. पहिल्या ओळीत पूर्ण वेग. शेवटच्या ओळीत त्याच्या निम्म्याच्या जवळपास. वेग हळूहळू चढवण्याचा पर्यायही आम्ही करून पाहिला, पण तसं केलं की प्रत्येक स्पर्श अडखळतो. मोठा कोअर ज्या अर्ध्या सेकंदासाठी ठेवलाय तोच जातो. तेव्हा कमाल वेगावरच मर्यादा घातली. फोन बंद पडायचे थांबले. अद्ययावत आवृत्तीच्या माहितीत एवढंच लिहिलं गेलं: "स्थैर्यात सुधारणा."

बचावासाठी मी इतकी वर्षं हेच सांगत आले, की बंद पडणाऱ्या फोनपेक्षा सावकाश चालणारा फोन बरा. अडचणीच्या वेळी एक फोन लागणं हे दहा ॲप झटकन उघडण्यापेक्षा मोलाचं आहे. यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण त्या काळातली मी याच्या पुढे जाऊन म्हणायची, "लोकांना रोध आणि करंट समजावत बसायचं का?" तिला आज मी विचारते, सतरा नोंदी लिहिणाऱ्या माणसाला समजलं नसतं?

आमच्यासारखंच प्रकरण ॲपलच्या बाबतीत जगासमोर आलं. जानेवारी २०१७ च्या आयफोनच्या आयओएस १०.२.१ या आवृत्तीत अशीच मर्यादा आली होती. डिसेंबरमध्ये बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, आकडे प्रसिद्ध झाल्यावर कंपनीने ती मान्य केली, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८ मध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारं पान आलं. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोचा दंड केला, तो ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून. तो निर्णय वाचताना मला आमची "स्थैर्यात सुधारणा" आठवत होती. ती ओळ मी बैठकीत वाचली होती आणि त्यावर काहीही बोलले नव्हते. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं.

मग तो तक्ता चूक होता का? शेवटच्या ओळीतला आकडा मी जरा जास्तच खाली ठेवला असेल. कोअर थोडा अरुंद केला असता तर ही वेळ कदाचित आली नसती, पण मग तोच फोन पहिली दोन वर्षं रोज थोडा कमी चालला असता. या दोन्हींतलं बरोबर काय, यावर मी स्वतःशी अजून भांडते.

आवृत्ती गेल्यावर काही महिन्यांनी त्या गृहस्थांचं दुसरं पत्र आलं. आता फोन बंद पडत नाही, पण प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ: "मी नवा घ्यावा म्हणून तुम्ही हे मुद्दाम करता, हे आता माझ्या लक्षात आलं आहे." ग्राहकांना परस्पर उत्तर द्यायची आम्हाला परवानगी नव्हती. मी पत्र फाइलला लावलं.

त्यांनी नुसती बॅटरी बदलली असती तर रोध उतरला असता, तक्त्याची पहिली ओळ लागू झाली असती आणि त्यांचा फोन पूर्ण वेगाने चालला असता. पत्र फाइलला लावताना हे मला माहीत होतं.