न वाचायचं वाक्य

आम्ही सात जण. मोबाईलवर एन्क्रिप्टेड मेसेज आणि कॉल, एवढंच आमचं अ‍ॅप. एन्क्रिप्शन घरी शिजवायचं नसतं, म्हणून ‘सिग्नल’ या मेसेजिंग अ‍ॅपचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे मेसेज कुलूपबंद करायची त्यांची पद्धत, घेतला होता. प्रत्येक मेसेजच्या कुलपाला नवी किल्ली, काम झालं की ती नष्ट. आमच्या सर्व्हरला दिसे तो नुसता अक्षरांचा चोथा.

आमच्या संस्थापकाची एक लाडकी गोष्ट होती. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने (गुन्ह्याच्या तपासासाठी नेमलेलं नागरिकांचं मंडळ) सिग्नलकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यातल्या एकाच नंबरावर खातं होतं, आणि त्याबद्दल त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. गुंतवणूकदारांसमोर हे तो इतक्या रंगवून सांगायचा की जणू समन्स त्यालाच आलं होतं.

त्या मंगळवारी नवी आवृत्ती सोडून बारा तास झाले होते आणि अ‍ॅप जुन्या फोनांवर कोसळत होतं. चहा घेत मी क्रॅश रिपोर्ट उघडला, म्हणजे अ‍ॅप कोसळलं की आपोआप येणारा अहवाल. आत लिहिलं होतं: ‘रिपोर्ट आलाय. आईला अजून सांगू नकोस.’

चहा तसाच राहिला.

झालं होतं ते असं. नोटिफिकेशनसाठी लांब मेसेज तोडताना कात्री कधीकधी इमोजीच्या मधोमध बसायची; ते अर्धं इमोजी पुढच्या कोडला पचायचं नाही. हाच बग शोधायला दोन आठवड्यांपूर्वी मी कोडमध्ये एक ओळ टाकली होती; ती मेसेजचा मजकूर लॉगमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या कामाच्या नोंदवहीत, लिहायची. डीबग पातळीचे, म्हणजे फक्त चाचणीपुरते, लॉग लोकांना दिलेल्या आवृत्तीत आपोआप गळतात; पण माझी ओळ एरर पातळीची, म्हणजे गंभीर चुकांसाठीची, होती. का, तर स्क्रीनवर लाल दिसते, पटकन सापडते. क्रॅश झाला की अ‍ॅपमध्ये जोडलेली एक तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला कोड) शेवटचे लॉग गोळा करून दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर पाठवायची. कुलूप शाबूत, आणि चिठ्ठी खिडकीतून बाहेर! कोडच्या रिव्ह्यूमध्ये ती ओळ दोघांच्या नजरेखालून गेली होती, पण लिहिली मीच.

रिपोर्ट पाठवणं तासाभरात थांबवलं. किती मेसेज फुटले हे मोजायचं, तर ते वाचल्याशिवाय कसं? मजकूर न दाखवता फक्त माझ्या लॉगच्या ओळीवरची खूण (टॅग) मोजणारी क्वेरी लिहिली. आकडा आला 41. मग सगळे रिपोर्ट पुसले, त्या कंपनीकडूनही तसं लेखी घेतलं.

खरं भांडण संध्याकाळी झालं. गुरुवारी गुंतवणूकदारांची बैठक होती. “वाचलं कोणी? तूच ना? मग तू विसर,” संस्थापक म्हणाला. मी म्हटलं, त्या 41 जणांना तरी कळवू या. तेव्हा कोपऱ्यातून आमची सर्व्हरवाली म्हणाली, “कोणत्या 41?” क्रॅश रिपोर्टला खात्याची ओळख जोडायची नाही, हा नियम आम्हीच मोठ्या अभिमानाने केला होता. कोणाचे मेसेज ते आम्हाला शोधताच येत नव्हतं. म्हणजे एक तर कोणालाच सांगायचं नाही, नाहीतर सगळ्यांना.

रात्री साडेअकराला सगळ्यांना सूचना गेली. ‘काही वापरकर्त्यांना’ हे शब्द मी तीनदा खोडले. चौथ्यांदा संस्थापकाने स्वतःच खोडले. गुरुवारची बैठक पुढे ढकलली गेली, ती गेलीच.

शिव्या आल्या, काहींनी अ‍ॅप काढून टाकलं. बहुतेकांचा प्रश्न एकच: “त्यात माझा मेसेज होता का?” प्रत्येकाला मी तेच उत्तर पाठवत होतो, की आम्हाला सांगता येणार नाही. त्यातला एक जण कदाचित तो आईला न सांगणारा असेल.