सोळा गोल खाणाऱ्यांचं काय बघता?

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे गावचे संघ. त्यापलीकडे थेट मेस्सी आणि रियल माद्रिद. मी मात्र न्यू कॅलेडोनिया, फिजी, सॉलोमन बेटं, वानुआतू या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या सतरा वर्षांखालच्या पोरांचे सामने बघत बसतो, म्हणून शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर माझी थट्टा ठरलेली. २०२५च्या नोव्हेंबरात कतारमधल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मोरोक्कोनं न्यू कॅलेडोनियाला १६-० असं धुतलं, आणि तेव्हापासून प्रश्न एकच आहे : 'सोळा गोल खाणाऱ्यांचं काय बघता?' आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

त्या सामन्याच्या तीनच दिवस आधी याच पोरांनी जपानला ०-० रोखलं होतं. ज्या जपाननं मोरोक्कोला हरवलं होतं, त्याच जपानला. तो निकाल मला व्हॉट्सअॅपवर कुणी पाठवला नाही. सोळा-शून्य मात्र दिवसभर येत राहिला.

जपानशी त्यांचं काहीतरी जुनं आहे म्हणा. २०१७ साली हाच विश्वचषक भारतात झाला, तेव्हा न्यू कॅलेडोनिया पहिल्यांदाच फिफाच्या विश्वचषकात उतरला होता. गुवाहाटीत फ्रान्सकडून ७-१, होंडुरासकडून ५-०. मग कोलकात्यात जपाननं सातव्या मिनिटाला गोल केला आणि आपण सगळे पुढचं समजून चुकलो. पण पुढचं काही झालंच नाही. ८३व्या मिनिटाला जेकोब जेनोनं बरोबरी साधली, सामना १-१ सुटला, एक गुण मिळाला. आपल्या यजमान संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्याचं कौतुक आम्हाला आजही आहे. पण हिशोब सांगायचा तर भारताचे तीन सामने, एक गोल, शून्य गुण. न्यू कॅलेडोनियाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर शहराच्या निम्मी. पायऱ्यांवर हे बोललो की विषय बदलतो.

गुवाहाटीच्या त्या फ्रान्सच्या सामन्यात आणखी एक गंमत होती. न्यू कॅलेडोनिया हा फ्रान्सचाच प्रदेश. दोन्हीकडच्या पोरांच्या खिशात पासपोर्ट फ्रेंच. फिफाचं सदस्यत्व मात्र २००४पासून वेगळं. तिथल्या लिफू बेटावर जन्मलेला ख्रिस्तियाँ कारांब्यू १९९८ साली फ्रान्सकडून विश्वविजेता झाला, पण तो सामन्याआधी फ्रेंच राष्ट्रगीत म्हणत नसे. त्याच्या पणजोबांना १९३१ साली पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनाच्या वेळी 'नरभक्षक' म्हणून लोकांपुढे मांडलं होतं. हे ठाऊक असलं की ७-१ मधल्या त्या एकाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

या पोरांची खरी स्पर्धा ओशनियाची, म्हणजे न्यूझीलंड आणि या बेटांच्या फुटबॉल विभागाची. ऑस्ट्रेलिया २००६ साली आशियात गेला आणि न्यूझीलंड एकटा दादा उरला. अंतिम सामना बहुधा तोच जिंकतो. २०१७ला ताहितीत त्यानं न्यू कॅलेडोनियाला ७-० हरवलं. पण तेव्हा विश्वचषकाची तिकिटं दोन होती आणि दोन्ही अंतिम संघांना मिळायची. म्हणून जीव खाऊन खेळायचा सामना म्हणजे उपांत्य. तो बघा, फायनल सोडली तरी चालेल.

अपवाद २०१८ची होनियाराची फायनल. सॉलोमन बेटांच्या राजधानीतलं लॉसन टामा स्टेडियम डोंगराच्या कुशीत आहे. एका बाजूला गॅलरी नाहीच, नुसता गवताचा उतार, आणि त्यावर मुंगी शिरायला जागा नाही इतकी माणसं. यजमान पोरांनी न्यूझीलंडला पेनल्टीपर्यंत खेचलं आणि तिथं हरली. वर्षभरानं ब्राझीलमधल्या विश्वचषकात तीच सॉलोमन बेटं तीन सामन्यांत वीस गोल खाऊन परतली.

असं का होतं, तर सामनेच मिळत नाहीत. न्यू कॅलेडोनियाची राजधानी नूमेआ, तिथून ताहितीला जायचं म्हणजे साडेचार हजार किलोमीटर, मुंबई-गुवाहाटीच्या दुपटीहून जास्त, आणि वाटेत वाररेषा. शनिवारी सकाळी निघालेला संघ शुक्रवारी उतरतो. शेजाऱ्याशी मैत्रीपूर्ण सामना खेळायचा तरी विमानाचा खर्च, त्यामुळे मोठी स्पर्धा आली तरच बाहेरचा संघ दिसणार. युरोपातला पोरगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून अकादमीत दर आठवड्याला तोलामोलाच्या संघाशी खेळतो. याला तो वेग पहिल्यांदा दिसतो तो थेट विश्वचषकात. तुम्ही नीट बघा, पहिल्या वीस मिनिटांत डिफेन्सवाला चेंडूकडे धावतो आणि पोचेपर्यंत चेंडू तिथून गेलेला असतो. पाय कमी पडत नाहीत, अंदाज चुकतो. आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत तो अंदाज थोडा तरी जमायला लागलेला असतो. निदान कोलकात्यात तरी जमला होता.

म्हणूनच विश्वचषक ४८ संघांचा आणि दरवर्षी केल्याबद्दल बाकीचे नाकं मुरडतात, तेव्हा मी गप्प राहतो. पूर्वी तो दोन वर्षांनी व्हायचा. म्हणजे चुकीच्या साली जन्मलेल्या पोराला आपल्याहून वर्षभर मोठ्यांच्या संघात जागा मिळवावी लागायची, नाही मिळाली तर संपलं. आता ओशनियाला जागा तीन आहेत. सोळा-शून्य होणार, होऊ दे. त्याआधीचा विक्रम १९९७चा, स्पेननं न्यूझीलंडला १३-० हरवलेला. त्याच न्यूझीलंडनं २००९ साली गटातले तिन्ही सामने १-१ बरोबरीत सोडवून बाद फेरी गाठली.

आणि रॉय कृष्णा तर तुमच्या ओळखीचा आहे! फिजीच्या लबासाचा. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये फिजीनं तीन सामन्यांत २३ गोल खाल्ले आणि एकच केला, मेक्सिकोविरुद्ध. तो याचा. पुढे २०२०-२१ला सगळी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, गोव्यात झाली, तेव्हा त्यानं मोहन बागानसाठी १४ गोल मारले आणि आपल्याकडचे बचावपटू त्याच्या मागं धावून दमले. तेव्हा 'फिजीचा कशाला बघता' असं मला कुणी विचारलं नव्हतं.

बाकी वेळ सोयीची आहे. होनियारात दुपारी चारला किक-ऑफ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेदहा. रविवार असेल तर या घरी, पण स्कोअर आधी बघून येऊ नका.