गड्ड्याचा उलटा हिशेब

सोलापुरात फुलबाग करायची तर थंडीची करावी. एप्रिल-मेच्या उन्हात फुलंच काय, माणसंही मान टाकतात. इथला खरा मोसम डिसेंबर-जानेवारीचा. संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, घरं पाहुण्यांनी भरतात, आणि अंगणही तेव्हाच भरलेलं हवं. म्हणून तारखा तिथून मागे मोजायच्या.

त्याआधी सावली मोजा. डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, इथे क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर. दहा फुटांच्या भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ नऊ फूट पडते. पावसाळ्यात उजेडात लख्ख दिसणारा उत्तरेचा वाफा थंडीत दिवसभर सावलीत बसतो, आणि दोष बिचाऱ्या रोपाला. वाफा घराच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला घ्या.

सगळ्यात आधी शेवंती. जून-जुलैत फाटे लावून ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहायचं, मग हात आवरायचा. रात्र लांबली की तिला कळी धरते. पण कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली असेल तर तिची रात्र होतच नाही. पानं जोमदार, कळीचा पत्ता नाही. अशा वेळी खत वाढवू नका, कुंडी घरामागे न्या.

पेटुनियाचं बी सप्टेंबरअखेर टाका. ते खसखशीहून बारीक; मातीत पुरलं तर उगवत नाही, त्याला उजेड लागतो. वरून फक्त फवारा. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी हिरवी जाळी हवीच, रोपं तासाभरात करपतात. झेंडू त्यामानाने सोसणारा, ऑक्टोबरच्या मध्यावर पेरला तरी चालतो. रोप वीतभर झालं की शेंडा मोडा. फुलं आठ-दहा दिवस उशिरा येतील, पण झुडूप डेरेदार होईल.

काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते. वाफा सहा इंच उंच करा. कुंडीत लाल माती दोन घमेली, शेणखत एक, जाड वाळू एक आणि मूठभर निंबोळी पेंड. बोअरच्या जड पाण्याने पेटुनियाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. ती लोहाची ओढ. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि लिंबाचे चार थेंब, संध्याकाळी पानांवर फवारा. टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर ते या लाडावलेल्या पेटुनियालाच राखून ठेवा.

ढगाळ हवेत शेवंतीच्या कळ्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, बसतो. लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडा साबण, ऊन उतरल्यावरच.

कोमेजलेली फुलं देठासकट खुडत राहा, नाहीतर झाड बी धरण्याच्या नादाला लागतं. गड्डा उठल्यावर बी धरायचं तर देशी झेंडूचं. संकरिताचं धरलंत तर पुढच्या वर्षी वाफ्यातल्या भावंडांची तोंडं एकमेकांशी जुळत नाहीत.