अंबाझरीचा ओव्हरफ्लो

"पाहून घ्या ताई, पाणी ओसरलं की इकडं कोणी फिरकत नाही." भुट्ट्यावर लिंबू चोळता चोळता भुट्टेवाला सहज बोलून गेला. घरी आले तरी डोक्यातून जाईना.

समोर नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या भिंतीवरून पाणी काचेसारखं सपाट येत होतं आणि खाली आपटून पांढरंशुभ्र होत होतं. तुषार थेट चष्म्यावर! किती वेळ उभी होते, कळलंच नाही.

हेच पाणी नाग नदीतून कन्हानला, पुढं वैनगंगेला जातं. २३ सप्टेंबर २०२३ ला तेच लोकांच्या घरात शिरलं होतं, तेही विसरवत नाही.

पण हिवाळ्यातली बारीक धार, उन्हाळ्यात उघडे पडलेले दगड, मला तेही बघावेसे वाटतात. जिच्यावरून शहराला नाव मिळालं, तिला भेटायला फक्त पावसाळ्यातच जायचं का?