टाळ थांबल्यावर

वारीतले सासवडनंतरचे दिवस मला वेगळे करून सांगता येत नाहीत. जेजुरीला भंडारा उधळला, नीरेत पादुकांना स्नान झालं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. लक्षात राहिली ती बरडहून नातेपुत्याला जातानाची दुपार.

उजव्या टाचेला फोड आला होता तो तरडगावलाच. फलटणच्या मुक्कामात बसेल असं वाटलं होतं. बरड सोडल्यावर तासाभरात मोजा ओला लागायला लागला आणि आमची दिंडी पुढे निघून गेली. पाऊस नव्हता. ढग यायचे, घटकाभर सावली टाकून निघून जायचे. रस्ता रुंद झाला आणि कडेचे जुने वड गेले, त्यामुळे ऊन थेट डोक्यावर. त्यात स्वागताच्या मंडपातले कर्णे. एकाचा आवाज संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. मला मनापासून राग आला. अडीचशे किलोमीटर नाव घेत जायचं म्हणून घरून निघाले आणि शेजारच्या बाईच्या तोंडातलं नावही ऐकू येईना.

शेवटी रस्ता सोडून बांधावरच्या कडुनिंबाखाली बसले. रथामागच्या शेवटच्या दिंड्या गेल्या. टाळ लांब लांब होत गेले आणि मग डोक्यावरून एकच सूर कानात शिरला. किर्रर्र, मध्ये श्वाससुद्धा नाही.

शेजारी एक आजोबा आधीच टेकले होते. परभणीकडचे.

"माउली, ह्यो रातकिडा दिवसा कामून वरडायलाय?"

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवलं नाही. म्हटलं, काका, हा रातकिडा नाही, सिकाडा. रातकिडा पंखावर पंख घासतो. याच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना ताणलेले पातळ पडदे असतात, ते हा आत ओढतो नि सोडतो, एका सेकंदात कितीतरी वेळा. पोट आतून पोकळ, म्हणून आवाज एवढा घुमतो. गातो तो नर. आणि हे पंखांचं आयुष्य थोड्याच आठवड्यांचं. त्याआधीची वर्षं पिल्लू जमिनीत, झाडाच्या मुळांचा रस पीत.

खोडावर एक रिकामी कात चिकटलेली होती, पाठीवर उभी चीर पडलेली. ती काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली.

"इतके वर्सं मातीत. कुनाला ठावंबी नाही," म्हणाले, आणि उठून ती होती तिथेच खोडाला परत लावली. मला ते सुचलं नसतं.

मग त्यांची नजर माझ्या पायाकडे गेली. पिशवीतून सुई, दोरा, खोबरेल तेलाची बाटली निघाली. मी पाय मागे घेतला. वडिलांच्या वयाचा माणूस. त्यांच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा?

"ठेवा की माय. चालनाऱ्याचा पाय हाय."

तेलात बुडवलेला दोरा त्यांनी फोडातून ओवला आणि आत तसाच राहू दिला. पाणी निथळलं, ठणका उतरला. डॉक्टरांना हे पसंत पडणार नाही, पण वारीत असे किती पाय बरे झालेत ते मी पाहिलंय. काम झाल्यावर त्यांनी माझ्या पावलाला हात लावून तो कपाळाला लावला. मला रडू आलं.

तेवढ्यात कालव्यापलीकडच्या बाभळीतून पावशा सुरू झाला. पेरते व्हा, पेरते व्हा. दर खेपेला सूर एक पायरी वर, आणि अगदी टिपेला पोहोचल्यावर तुटतो. आजोबा सुईला दोरा गुंडाळत होते, त्यांचा हात थांबला.

"ह्याला काय जातंय सांगायला. ओल वीतभर खाली उतरल्याबिगर बी टाकावं कसं? तीन एकर तसंच पडलंय."

पेरणी उरकून वारीला निघायचं ही त्यांची रीत. यंदा पावसाने ओढ दिली आणि तारीख आली म्हणून ते निघाले. पोरगा घरी आभाळाकडे बघत बसलेला. पावशा थांबेना. त्यांनी फोन काढला, पाहिला, परत खिशात ठेवला. मी काहीच बोलले नाही.

त्यांची दिंडी रथामागे कितवी, हे विचारायचं राहिलं.

संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड उंच धरला आणि हजारो टाळ एकदम थांबले. एक दिंडी वाजवतच राहिली. तिची काही तक्रार होती. ती ऐकून घेतल्यावर तीही थांबली. हरवल्या-सापडल्याची यादी वाचून झाली. या क्षणाला मी इतकी वर्षं शांतता म्हणत आले. त्या दिवशी ऐकलं तर चारी बाजूंनी रातकिडे, आणि लांब माळावर टिटवी. आमचा गजर चालू असताना ते थांबले नसणारच. रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात, हे मी दर वर्षी मुलांना सांगते. त्या रात्री टाच ठणकत असताना ते पुन्हा आठवलं आणि हात आपोआप पायाकडे गेला.

माळशिरस गेलं. वेळापूरच्या उतारावर धावा झाला, मी धावले नाही.

भंडीशेगावला मध्यरात्री पाऊस आला. तंबू गळायला लागला, बायका वळकट्या उचलून एकमेकींवर खेकसत होत्या, माझी एकुलती कोरडी साडी चिखलात गेली. आणि पलीकडच्या खाचरातून बेडूक सुरू झाले, मोठे, पहिल्या पावसात हळदीसारखे पिवळे होणारे, गालफडाखाली निळ्या पिशव्या फुगवणारे. ड्रांव ड्रांव, नुसता कल्लोळ. झोप लागणं शक्य नव्हतं आणि मला ती नकोही होती. इथे पडला म्हणजे तिकडेही पडला असेल, असं काही नसतं. तरी मनात तेवढंच चाललं होतं.

काकड्याच्या आधी बाहेर येऊन उभी राहिले. बेडूक ओरडतच होते. ईशान्येला, परभणीच्या अंगाला, वीज चमकत होती.